थेंबदादांनी घरात पुन्हा साखर तापवली

आमच्या कारखान्यात फळं साखरेत घोळवून डब्यांत भरायचे. अननसाच्या चकत्या, सफरचंदाच्या फोडी, पेर म्हणजे नासपती, अंजीर. मी पॅकिंगला होते आणि थेंबदादा भट्टीवर, म्हणजे साखर शिजते तिथे. कढईतल्या साखरेचा रंग बघून, आणि शंका आली तर एक थेंब गार पाण्यात सोडून, ती उतरवायची वेळ झाली की नाही ते सांगायचे. बाकीचे लोक थर्मामीटर घालायचे, पण दादांचा थेंब पाण्यात पडून झाल्यावर. म्हणून थेंब. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मी तळमजल्यावर, ते दुसऱ्या मजल्यावर. त्यांची बायको, तिला मी वहिनी म्हणायचे, आणि एकुलती एक मुलगी बेबी. बेबी आज बेचाळीस वर्षांची आहे, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते, तिच्या हाताखाली चार माणसं आहेत. पण आमच्या जिन्यात ती बेबीच.

कारखाना कधीच बंद पडला. वहिनी गेल्या, आणि त्यानंतर वर्षभरात दादांचे डोळे गेले. पूर्ण नाही. नजरेच्या बरोबर मध्यावर एक करडा डाग बसला. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. ते मला म्हणाले, "ताई, आता लोक मला कानांवरून ओळखावे लागतात. तुमचे बरे मोठे आहेत."

बेबीचं नवऱ्याशी पटलं नव्हतं; वहिनी असतानाच काडीमोड झाला होता. ती आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बापाकडे राहायला आली. त्या मुलीला सगळे छोटी म्हणायचे. पहिल्याच महिन्यात दादा गॅसवर दूध ठेवून गॅलरीत जाऊन बसले आणि पातेल्याचा कोळसा झाला. बेबीने आरडाओरडा केला नाही. तिने शेगडीची चारही बटणं उपसली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. स्वयंपाक सकाळी ती निघायच्या आधी आणि संध्याकाळी ती आल्यावर. मधल्या वेळेसाठी तिने एअर फ्रायर आणला. जाळ नाही, वेळ झाली की आपोआप बंद होतो, वर शिट्टीही मारतो.

दादांनी दोन दिवस त्याच्याकडे पाठ केली. "पंखा लावून कुठे स्वयंपाक होतो?" ते म्हणाले. "हा चुलीच्या घराण्यातला नाही. हा केस वाळवायच्या यंत्राचा भाऊ आहे." पण तिसऱ्या दिवशी भूक लागली, तेव्हा त्यांनी गुपचूप त्यात दोन बटाटे टाकले. छोटीने ते आईला सांगितलं, आणि आठवड्यात प्रथमच बेबी हसली.

पुढचं सांगायच्या आधी बेबीच्या हाताचं सांगायला हवं. आमच्या इमारतीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती सात वर्षांची असताना दादा घरी साखर तापवत होते. पोर मध्ये आली, कढई कलंडली आणि उकळता पाक तिच्या डाव्या हातावर सांडला, कोपरापासून बोटांपर्यंत. पाण्याने भाजलं तर पाणी ओघळून जातं. साखर चिकटते आणि भाजतच राहते. शेवटची दोन बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. बेबी डावखुरी होती. दुसरीत असताना तिला उजव्या हाताने अ आ इ पुन्हा गिरवावं लागलं. उन्हाळा असो की काही असो, ती पूर्ण बाह्यांचेच कपडे घालायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "लहानपणी मी मध्ये गेले." बस्स, तेवढंच.

दादांनी त्यानंतर घरात साखर तापवली नाही. कारखान्यात रोज मणभर शिजवायचे. घरी चहात सुद्धा साखर दुसऱ्याने घालायची.

छोटीला कुठल्याशा मैत्रिणीच्या वाढदिवसाला खरपूस साखरेतलं अननस खायला मिळालं. ती घरी आली ती तोंडाला सुटलेलं पाणी घेऊनच. "आजोबा, तुम्ही साखरवाले ना? त्यांनी एअर फ्रायरमध्ये केलं होतं. आपल्याकडेही आहे."

दादा नाही म्हणाले. तिने दुसऱ्या दिवशी विचारलं. ते नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते जिना उतरून, कठडा धरून, माझ्याकडे आले.

"ताई, त्या डब्यात पाक सांडायची सोय आहे का हो?"

मी म्हटलं, "त्यात पाक करतच नाहीत. फळाला साखर लावायची आणि ठेवायचं. ओतायचं काही नसतं."

"ओतायचं काही नसतं," ते म्हणाले. मग तिथेच खुर्चीवर थोडा वेळ बसले. जाताना म्हणाले, "बेबीला तुम्ही विचारा. मी विचारलं तर ती माझ्या तोंडाकडे बघेल, आणि मला तिचं दिसायचं नाही."

मी विचारलं. बेबीने बाही मनगटापर्यंत ओढली. मग म्हणाली, "करू देत. छोटी दोन पावलं लांब उभी राहणार असेल तर करू देत."

पहिल्यांदा फजिती झाली. दादांनी अननसाच्या चकत्यांवर कोरडी साखर भुरभुरवली, आणि आतल्या पंख्याने ती उचलून वरच्या तापलेल्या तारेवर नेऊन मारली. धूर झाला. मी धावत वर गेले तर छोटी खिडक्या उघडत होती आणि दादा ओट्याला टेकून पोट धरून हसत होते. "एकतीस वर्षं साखर शिजवली. करपली, बसली, दाणे पडले. पण उडून कधी गेली नव्हती!"

मग त्यांनी त्या डब्याला मनावर घेतलं. फळ आधी फडक्याने टिपून कोरडं करायचं, नाहीतर ते भाजत नाही, नुसतं वाफवतं. लोणी वाटीत घालून दोन मिनिटं त्या यंत्रातच वितळवायचं, त्यात साखर आणि चिमूटभर मीठ कालवायचं आणि तो लेप फोडींना चोळायचा, म्हणजे साखर जागची हलत नाही. फोडी जाळीवर नाही, लहान पत्र्याच्या ताटलीत ठेवायच्या, म्हणजे रस खाली गळून जळत नाही. सातव्या मिनिटाला उलटायच्या. तिथून पुढे घड्याळाचं काही खरं नाही. तिथून पुढे रंग.

आणि रंग दादांना दिसत नव्हता. तो छोटीने सांगायचा. दादांनी ओट्यापासून दोन पावलांवर एक खुर्ची मांडली. छोटी खुर्चीच्या मागे उभी. दादा हातमोजा घालून यंत्राचा खण बाहेर ओढायचे आणि तिच्याकडे कलता करायचे.

"कसला रंग?"

"पिवळा."

"पिवळा म्हणजे कसला? पिवळे शंभर असतात."

"माझ्या लाकडी पट्टीसारखा."

"अजून व्हायचंय." खण आत. दोन मिनिटांनी पुन्हा बाहेर. "आता?"

"खालच्या आजीच्या पर्ससारखा."

"झालं!" दादा ओरडायचे. माझ्या पर्सला इतकी किंमत कधी आली नव्हती.

ते दिवस बरे गेले. अननस झालं, सफरचंद झालं, केळी झाली. केळी उभी चिरून सालासकट ठेवायची, ही दादांची युक्ती. शाळा सुटल्यावर चारच्या सुमाराला जिन्यात तो वास सुटायचा आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर काही ना काही निमित्त काढून खाली उतरायचे. दादा रोज दाढी करायला लागले. बेबी कामावरून आली की तिच्यासाठी बशीत दोन फोडी झाकून ठेवलेल्या असायच्या. ती गोड खात नसे. पण मी एकदा पाहिलं, तिने एक फोड उचलली, वास घेतला आणि परत ठेवली. ठेवताना चेहरा वाईट नव्हता.

जे झालं ते एका बुधवारी. मी त्यांचा डबा परत करायला वर गेले आणि घंटा वाजवली. आत यंत्राचं घरघरणं ऐकू येत होतं. दादा दार उघडायला आले, हातात तो मोजा तसाच. माझ्या मागून जिना चढत बेबी येत होती. तिचं डोकं दुखत होतं म्हणून ती लवकर सुटली होती. आम्ही तिघं दारात असताना यंत्राने शिट्टी मारली.

बेबीला दारातून स्वयंपाकघर सरळ दिसायचं. माझ्या आधी तिने पाहिलं. छोटी खुर्ची ओलांडून ओट्यापाशी गेली होती आणि तिने खणाच्या मुठीला हात घातला होता.

बेबीने मला बाजूला ढकललं. ती कशी पोचली मला कळलं नाही. तिने छोटीला मागून कमरेला धरून उचललं, खण ओट्यावर आपटला आणि पेराच्या फोडी जमिनीवर पडल्या. कुणाला काही लागलं नाही. पण बेबी पांढरी पडली होती. तिने पोरीला जमिनीवर उभं केलं आणि दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं.

"किती वेळा सांगितलं? गरम वस्तूच्या मध्ये जायचं नाही! मी गेले होते. हे बघ." तिने बाही वर ओढली. मी तो हात इतका उघडा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "आजोबांची काही चूक नव्हती. माझी होती. मला एक मिनिट थांबता आलं नाही. आणि त्यापायी आजोबांनी आयुष्यभर मान खाली घातली. माझ्यामुळे! तुलाही तेच करायचंय?"

छोटी रडायला लागली. दादा दारापाशी भिंतीला हात लावून उभे होते.

"ती मध्ये आली नव्हती," ते म्हणाले.

बेबीने वळूनही पाहिलं नाही. "बाबा, तुम्ही बसा. मला ओरडायचं नाहीये तुमच्यावर."

"तू मध्ये आली नव्हतीस, बेबी. मी तुला उभं केलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. भिंतीवरचा हात न काढता, एका दमात, कुणीतरी थांबवेल अशी भीती असल्यासारखं. त्या रविवारी कारखान्याचे नवे मॅनेजर घरी जेवायला आले होते. भट्टीचा मुख्य कुणाला करायचं ते ठरत होतं. दादांनी फुशारकी मारली होती की रंग ओळखणं आमच्या रक्तातच आहे, माझी सात वर्षांची पोरसुद्धा ओळखते. जेवणाआधी ते दाखवायचं ठरलं. त्यांनी बेबीला स्टुलावर उभं केलं, हातात पेराच्या फोडींचं भांडं दिलं आणि म्हणाले, असं पुढे धर, हलू नकोस. ती हलली नाही. तिने रंगही बरोबर सांगितला. दादांनी कढई उचलली. उचलताना ते मॅनेजरांकडे बघून काहीतरी सांगत होते आणि हसत होते. कढईचा कान हातात फिरला.

"डॉक्टरांनी विचारलं कसं झालं. माझ्या तोंडातून निघून गेलं, मध्ये आली. मला वाटलं, आता म्हटलंय, उद्या सुधारू. दुसऱ्या दिवशी मॅनेजर आले भेटायला. त्यांच्यासमोर कसं सुधारणार? तेही काही बोलले नाहीत. मग तूच म्हणायला लागलीस." दादांनी भिंतीवरचा हात जरासा सरकवला. "तू म्हणायला लागलीस तेव्हा मला वाटलं, तुला तसंच आठवतंय. तर बरंच झालं."

यंत्राचा दिवा अजून लागलेला होता. बेबीने हात लांब करून बटण बंद केलं.

मला वाटलं ती आता ओरडेल. तिने फक्त एक विचारलं.

"आईला माहीत होतं?"

दादा हातातला मोजा काढायला लागले.

"बाबा. आईला माहीत होतं का?"

"ती दारात होती," दादा म्हणाले. "ताटं घेऊन."

यानंतर जे झालं ते मी बेबीच्या चेहऱ्यावर पाहिलं, आणि दादांना ते दिसत नव्हतं, हे एका परीने बरंच झालं. बापाचं ऐकताना बेबीचा चेहरा कठीण झाला होता. आईचं ऐकल्यावर तो सुटला, मोडला. वहिनी म्हणजे तिचं सर्वस्व होतं. दोन वर्षं रोज सकाळी कोमट तेल लावून त्या तिची बोटं एकेक करून ताणायच्या, पोर रडायची, त्या रडायच्या. उजव्या हाताने लिहायला त्यांनीच शिकवलं. तिच्या लग्नात, तिच्या काडीमोडात, सगळीकडे त्या पाठीशी उभ्या राहिल्या. आणि त्या दारात होत्या.

बेबीने बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं. वाकून पेराच्या फोडी वेचल्या, केराच्या डब्यात टाकल्या. जमीन पुसली. "छोटी, तोंड धू," ती म्हणाली. "अभ्यासाला बस."

मी निघून जायला हवं होतं. पण मला राहवलं नाही, कारण माझ्याही मनात एक गोष्ट होती, आणि ती त्याच क्षणी वर आली होती. पाक सांडला त्या वेळी मी बेबीला बघायला दवाखान्यात गेले होते. हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. मी मोठ्या शहाणपणाने म्हणाले होते, "बाबांच्या हातात उकळता पाक असताना मध्ये जातात का गं, वेडे?" आणि ती पोर म्हणाली होती, "मी नाही गेले, मावशी." अगदी स्पष्ट. पलंगाच्या पलीकडून वहिनी म्हणाल्या होत्या, "झोप आता." मीही म्हणाले, हो, झोप. मुलं काय, अंगावर येतंय म्हटलं की नाही म्हणतातच, असं मी घरी जाताना स्वतःला सांगितलं होतं.

हे मी बेबीला तिथेच, हातात तो रिकामा डबा धरून, सांगितलं. माफ कर म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मी सात वर्षांची होते, मावशी," ती म्हणाली. "तुम्ही सगळे मोठे होतात."

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. बेबी सकाळचा स्वयंपाक करायची, दादांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची, त्यांचे कपडे काढून ठेवायची. बोलायची तेवढ्यापुरतं. वहिनींचा फोटो बैठकीच्या खोलीत होता तो तिने काढला नाही, पण त्याच्या समोरची आपली खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. छोटी मध्ये सापडली होती. ती आजोबांशी बोलताना आईकडे बघायची आणि आईशी बोलताना आजोबांकडे. एअर फ्रायर ओट्यावर होता. त्यात पुन्हा बटाटेच भाजले जायला लागले.

एकदा दुपारी दादा माझ्याकडे येऊन बसले. मी विचारलं, "बोलून मोकळं वाटलं का?" खरं तर मला त्यांना धीर द्यायचा होता.

"नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, मरायच्या आधी सांगितलं की हलकं वाटेल. पण ताई, माझं काही हलकं झालं नाही. तिला मात्र आई उरली नाही." मग म्हणाले, "पोर स्वतःला दोष देत होती ते मला ऐकवलं नाही, हे खरं. पण चौतीस वर्षं ऐकवलं होतं की."

"बेबीची पुन्हा एकदा नीट माफी मागा."

"मागितली. ती म्हणाली, ठीक आहे बाबा. ऑफिसात म्हणतात तसं."

शाळेला सुट्टी लागल्यावर बेबीने दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात बदली घेतली. मागे कधीतरी तिला ती मिळत होती आणि बापाच्या डोळ्यांसाठी तिने सोडली होती. आता घेतली. दादांसाठी दिवसभराची एक बाई ठेवली, शेगडीची बटणं त्या बाईच्या हवाली केली. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद माझ्याकडे दिला. सामान टेम्पोत चढलं तेव्हा दादा गॅलरीत उभे होते. छोटी खालून हात हलवत होती. दादाही हात हलवत होते, पण भलत्याच दिशेला, दुधाच्या गाडीला. मी वर बघून ओरडणार होते, "इकडे, दादा, डावीकडे." बेबीने माझा हात धरला आणि मान हलवून नको म्हणाली. मग ती गाडीत बसली.

दर रविवारी फोन यायचा. छोटी बोलायची. शाळा, मैत्रिणी, नवीन घरातली पाल. बेबी औषधांचं मला विचारायची, दादांना नाही. दादा हळूहळू कमी बोलायला लागले, मग कमी खायला लागले. त्या बाईंनी त्यांना एकदा म्हटलं, आजोबा, त्या यंत्रात काहीतरी गोड करून दाखवा की, मी रंग सांगते. ते म्हणाले, "राहू द्या. डब्याची तार खराब होते."

दहा महिन्यांनी त्यांच्या छातीत कफ झाला आणि ताप उतरेना. मी बेबीला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात हजर. एकटीच. छोटीची परीक्षा होती. तीन दिवस ती तिथे बसली. नर्सना कोणतं सलाईन, कोणती तपासणी, सगळं बारकाईने विचारायची. बापाचं रक्त काढायला आलेल्या मुलीला शीर सापडेना, तेव्हा हिने सुई हातात घेतली आणि पहिल्याच फटक्यात काढलं. दादांना कळलंसुद्धा नाही. "कोण होतं?" त्यांनी विचारलं. "हात हलका आहे." बेबी म्हणाली, "मी होते."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा दादा शुद्धीत होते. बेबी पलंगाजवळ स्टुलावर बसली होती. मी दारात थांबले, कारण ती बोलत होती, आणि तिचा आवाज नेहमीचा नव्हता, लहान झाला होता.

"बाबा, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही मॅनेजरांना काय सांगत होतात? इतकं हसून?"

दादा बराच वेळ छताकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. ते शोधत होते, हे मला लांबूनही दिसत होतं. कपाळावर आठ्या पडल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा पडल्या.

"आठवत नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही?"

"नाही गं. काहीतरी साधंच असेल."

बेबीने मान हलवली. चादर नीट केली. मला वाटतं, तिला उत्तर हवं होतं, कसलंही, वाईटातलं वाईट चाललं असतं. ती उठून बाहेर आली, मला ओलांडून कॉरिडॉरच्या टोकाला गेली आणि तिथल्या पाण्याच्या टाकीपाशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गेले. बेबी तेव्हा फॉर्म भरत होती.

घर रिकामं करायला तिला चार दिवस लागले. भांडी त्या बाईला दिली, कपाट पोस्टमास्तरांना. एअर फ्रायर कुणी घेईना, कारण वरच्या तारेला काळी साखर चिकटलेली होती. तो भंगारात गेला. वहिनींचा फोटो तिने वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवला, कपड्यांच्या खाली.

टॅक्सी यायला अर्धा तास होता. ती किल्ल्या द्यायला माझ्याकडे आली आणि जाईना. चहा झाला. कप हातात फिरवत ती म्हणाली, "मावशी, आईबद्दल काहीतरी सांगा. मला माहीत नसलेलं. पण खरं सांगा."

मी आठवून पाहिलं. चांगलं काहीतरी सांगावं असं मनात आलं. मग म्हटलं, नको.

"तुझी दवाखान्यातून सुट्टी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती खाली आली होती," मी म्हणाले. "तुला कडेवर घेऊन. हातात बॅग होती, कपड्यांची. मी विचारलं, माहेरी निघालात का? ती म्हणाली, बघते. तिथे बसली, त्या कोपऱ्यात, दोन तास. तू तिच्या मांडीवर झोपली होतीस. मी जेवणार का विचारलं, ती नाही म्हणाली. मग उठली, बॅग घेतली आणि जिना चढून वर गेली."

बेबीने त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे आता माझं शिवणयंत्र आहे.

"का गेली परत?"

"मला माहीत नाही. मी विचारलं नाही."

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. बेबीने कप उचलून मोरीत नेला, नळ सोडला, विसळला आणि पालथा घातला. मी म्हटलं राहू दे गं, मी करते. तरी तिने माझाही कप विसळला. मग बॅग उचलली आणि गेली.